मी सही का केली नाही: एरंडवण्यातल्या शेजाऱ्यांना खुलं पत्र

प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, पटवर्धन बाग आणि कर्वे रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्यांमधल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

स.न.वि.वि.

महापालिका आयुक्तांना द्यायचं निवेदन गेल्या आठवड्यात सहीसाठी माझ्याकडे आलं. त्यात तीन मागण्या आहेत. मेट्रो स्टेशनांभोवती जादा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) देऊ नये, आपल्या भागात तळमजला अधिक दोन मजल्यांपेक्षा उंच बांधकामाला परवानगी देऊ नये, आणि सहा मीटरच्या गल्ल्या आहेत तशाच राहू द्याव्यात. खाली बऱ्याच ओळखीच्या सह्या होत्या. त्यातल्या काहींना मी शाळेत शिकवलंय, काहींच्या मुलांना शिकवलंय. मी सही केली नाही. त्यावर ‘बाई, तुम्हीसुद्धा?’ असे फोन आले, म्हणून एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना मिळूनच लिहिते आहे.

निवेदनातल्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या जागी इमारत उठली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर्षभर धुरळा खाल्ला. काँक्रीटच्या गाडीखाली कोपऱ्यावरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलं आणि पावसाळाभर तिथं नुसती एक फांदी खोचलेली होती. बेसमेंटसाठी थेट कुंपणापर्यंत खणलं, आणि शेजारच्या आवारातली जुनी बकुळ पुढच्या दोन उन्हाळ्यांत वठून गेली. झाडाला कुणी कुऱ्हाड लावली नव्हती, त्यामुळे वृक्ष प्राधिकरणाकडे तक्रार तरी काय करणार? मुळं तुटली होती ती जमिनीखाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर-सहकारनगरच्या बाजूला जो हाहाकार केला तो आपण पाहिला आहे. पाणी जिरायला मातीच ठेवली नाही तर ते घरात शिरतं, हे पुणेकराला कुणी नव्यानं सांगायला नको. त्यामुळे बांधकामं कशीही होऊ देत, असं माझं म्हणणं नाही.

पण या तक्रारींवर निवेदनात जो उपाय मागितला आहे, तो मला मान्य नाही. ‘इथे जास्त माणसं नकोत’ असा त्या उपायाचा सरळ अर्थ होतो.

नियम काय आहेत ते आधी नीट पाहू, कारण व्हॉट्सअॅपवर त्याबद्दल बरंच काहीबाही फिरतंय. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला १.१ एवढा मूळ एफएसआय मिळतो, त्यावर प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम नाही, आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, तोही नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की प्रीमियम भरून आणि टीडीआर विकत घेऊन तो २ पर्यंत नेता येतो. रस्ता जसा रुंद तसा आकडा वाढत जातो. मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत, प्लॉट पुरेसा मोठा आणि रस्ता पुरेसा रुंद असेल, तर तो जास्तीत जास्त ४ पर्यंत पोचतो. ही नियमावली यायच्या आधी, २०२० सालीच, सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटरचे करण्याचा प्रस्ताव महापालिकेत आला तेव्हा एवढा गदारोळ झाला. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घ्यायचा प्रश्न वरवर दिसत होता, खरं भांडण त्यामागून येणाऱ्या टीडीआरचं होतं.

म्हणजे आतल्या अरुंद गल्लीत उद्या कुणी वीस मजले चढवेल, ही भीती नियमाला धरून नाही. सहा मीटरच्या गल्लीत दुतर्फा गाड्या लावलेल्या असताना अग्निशमन दलाचा बंब आत शिरत नाही, तेव्हा तिथे उंच इमारत नको हे मलाही मान्य आहे. तुमची तिसरी मागणी तेवढ्यापुरती असती तर मी तिच्यावर सही केली असती. पण निवेदनात कर्वे रस्ता, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता आणि आतली गल्ली सगळं एकाच ओळीत घातलं आहे. नळ स्टॉपच्या स्टेशनचा जिना उतरून पाच मिनिटं चाललं की जे मोठे प्लॉट लागतात, त्यांच्यावरही तळमजला अधिक दोन! कर्वे रस्त्यानं काही वर्षं पत्रे आणि खड्डे सोसले, सगळ्या शहराचा पैसा त्यात गेला, आणि ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. आता गाडी थेट रामवाडीपर्यंत जाते. त्या मेट्रोच्या दारात राहण्याचा हक्क फक्त आपल्यालाच असावा, असं आपण आयुक्तांना लिहून देणार आहोत का?

इथे नाकारलेलं घर कुठे जातं, हा माझ्या मनातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. पुण्यात नोकरीला येणारं माणूस आपण नको म्हटलं म्हणून यायचं थांबत नाही. ते नऱ्ह्याला जातं, धायरीला जातं, वाघोलीला, मांजरीला, पिसोळीला जातं. २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. तिथल्या इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाणी, ड्रेनेज, रस्ते मागून येत आहेत, काही ठिकाणी अजून यायचेच आहेत. २०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक दाखल व्हायला लागले ते आठवा. धडधाकट माणसं दोन दिवसांत हातपाय हलवेनाशी होऊन व्हेंटिलेटरवर गेली. संशय पाण्यावर गेला. लाखो रुपयांचं कर्ज काढून घर घेतलेल्या माणसांच्या नळाला शुद्धीकरण न झालेलं विहिरीचं पाणी येत होतं, हे सगळ्या शहराला तेव्हा कळलं. ती माणसं हौसेनं तिकडे गेली नव्हती. त्यांना परवडेल असं घर आपण नदीच्या अलीकडे पलीकडे कुठेच शिल्लक ठेवलं नव्हतं.

माझ्या वर्गात नऱ्ह्याहून येणारा एक मुलगा होता. हुशार, अक्षर मोत्यासारखं. पहिल्या तासाला मात्र बाकावर डोकं ठेवून झोपायचा. आधी मी रागावले. मग कळलं की व्हॅन त्याच्या दारात पावणेसहाला येते, कारण पुढे आणखी सात मुलांना घेत ती सिंहगड रस्त्यानं गर्दी व्हायच्या आत इकडे पोचायला हवी. त्याची आई आपल्याच भागातल्या एका दवाखान्यात नर्स, वडील कर्वे रस्त्यावरच्या दुकानात. दिवसभर तिघंही इथेच, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. रात्री झोपायला फक्त नऱ्हे. त्या मुलाच्या आईनं मला एकदा विचारलं, ‘बाई, इकडे वन रूम किचन मिळेल का कुठं भाड्यानं?’ मी चौकशी केली. आपल्या भागात वन रूम किचन आता बांधतच नाहीत. जुन्या इमारतींमध्ये जी होती ती पुनर्विकासात गेली. आपल्या मराठी शाळांचे वर्ग ओस का पडतात याची चर्चा आपण व्याख्यानमालेत दरवर्षी करतो. पोरंच इथे राहत नाहीत, तर वर्गात येणार कुठून?

‘इतक्या माणसांना पाणी कुठून आणणार?’ असं निवेदनात ठळक अक्षरांत विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. पण माणूस एरंडवण्यात राहिला काय आणि धायरीत राहिला काय, अंघोळ त्याला करायचीच आहे, आणि दोन्हीकडचं पाणी शेवटी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर याच चार धरणांचं. फरक एवढाच की आपल्याकडे नळ पिढ्यान् पिढ्या आहे आणि तिकडे नवी मैलोन् मैल पाइपलाइन टाकेपर्यंत टँकर किंवा बोअर. नळ जितका लांब, गळती तितकी जास्त. शहराच्या पाण्याचीच काळजी असेल तर माणसं जवळ राहिलेली बरी. आपली जुनी लाइन वाढीव माणसांना पुरेल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो आयुक्तांना विचारायलाच हवा.

आता टेकडीबद्दल. निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मला सकाळी वेताळ टेकडीवर भेटतात. त्या टेकडीवरून काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याला आपण एकत्र विरोध केला आहे, आणि पुढेही करू. १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, सुमारे ९७८ हेक्टर. ते टिकवण्यासाठी पुण्यातल्या माणसांनी किती वर्षं कागद काळे केले, किती सुनावण्यांना हजेरी लावली! २०१५ मध्ये शासनानं आरक्षण कायम ठेवलं, तरी त्याला भोकं पाडायचे प्रयत्न थांबलेले नाहीत. जमीन अपुरी पडते आहे, हेच कारण दर वेळी पुढे केलं जातं. आणि जमीन अपुरी पडते, कारण शहराच्या मधोमध मेट्रोच्या शेजारी तळमजला अधिक दोनचा आग्रह आपण धरतो. टेकडीवर बांधू नका आणि आमच्या गल्लीतही बांधू नका, या दोन्ही मागण्या एकाच तोंडानं केल्या तर टेकडीवरच्या मागणीत जोर उरत नाही. मला टेकडी वाचवायची आहे. म्हणून मला इथे मजले वाढलेले चालतील.

निवेदनात एक वाक्य आहे, ते वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते: ‘बाहेरून येणाऱ्या लोकसंख्येमुळे परिसराचं सांस्कृतिक वळण बिघडेल.’ हे कुणी लिहिलं मला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. पण एरंडवणे हे शेतकऱ्यांचं गाव होतं. आपले आजे-पणजे सदाशिव-नारायण पेठेतून लकडी पूल ओलांडून आले आणि त्या शेतांवर बंगले बांधले. तेव्हा बाहेरचे आपण होतो. पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी उरलेल्या त्या कुटुंबांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. अर्धगोल पत्र्याच्या निसन हटमध्ये माणसांनी संसार मांडले. त्या वेळी ‘आमच्या भागाचं वळण बिघडेल’ म्हणून शहरानं त्यांना दूर लोटलं असतं, तर आज आपल्यात बसणारी कितीतरी घरं पुण्यात नसती. माझ्या माहेरचं घर त्यांतलंच एक.

आज जी माणसं ‘बाहेरची’ ठरतात ती कोण आहेत? तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई जनता वसाहतीत पर्वतीच्या उतारावर राहतात, किंवा दांडेकर पुलापाशी, जिथे सप्टेंबर २०१८ मध्ये कालव्याची भिंत फुटून त्यांच्या घरातून पाणी गेलं. तुमच्या नातीचे प्राध्यापक, दवाखान्यातले वॉर्डबॉय, कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी लातूर-परभणीची मुलं. आणि तुमची स्वतःची मुलं. आमच्या सोसायटीतल्या तिघांची मुलं पुण्यातच नोकरी करतात आणि एकालाही आईबापांच्या दोन किलोमीटरच्या आत घर घेता आलेलं नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर मुलगा वाघोलीहून येईपर्यंत शेजारचे धावतात.

म्हाताऱ्या माणसांचा विषय निघालाच आहे तर आमच्या मागच्या इमारतीतल्या काकूंबद्दल सांगते. इमारत सत्तरच्या दशकातली, तीन मजली, लिफ्ट नाही. काकू तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. सकाळी भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला बांधलेली नायलॉनची पिशवी खाली सोडतात, आत पैसे आणि चिठ्ठी. तो भाजी भरतो, उरलेले पैसे चिठ्ठीतच गुंडाळून ठेवतो आणि दोरीला दोन झटके देतो. मग काकू हळूहळू पिशवी वर ओढतात, मधेच थांबून श्वास घेतात. दत्तजयंतीला देवळात जायचं म्हटलं तर दोन पोरांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणावं लागतं. त्या इमारतीचा पुनर्विकास झाला तर त्यांना लिफ्ट मिळेल. तळमजला अधिक दोनची अट घातली तर तो कधीच होणार नाही, कारण सभासदांना नवी घरं देऊन वर विकायला काही उरलं नाही तर बिल्डर फिरकत नाही, आणि स्वतः पुनर्विकास करायला त्या सभासदांकडे पैसा नाही. बंगल्याच्या आवारात बसून ही अट लिहिणं सोपं आहे. तिसऱ्या मजल्यावरून ती वेगळी दिसते.

बिल्डरांवर मी भाबडा विश्वास टाकते आहे असं कुणी समजू नये. आपल्याकडे सध्या जे बांधलं जातं आहे त्याच्यावर माझा राग तुमच्याहून जास्त आहे, फक्त कारण वेगळं आहे. एफएसआय वाढला म्हणून माणसं वाढतातच असं नाही. सोळा बिऱ्हाडं राहत होती त्या जागी अकरा मजले उभे राहतात आणि मजल्याला एकच फ्लॅट, प्रत्येकाला तीन-तीन गाड्यांची जागा. इमारत चौपट, माणसं कमी आणि गाड्या दुप्पट. निम्मे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूपबंद. त्या नर्सबाईंना यातलं काहीच मिळत नाही. नियमावलीत चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर २० टक्के बांधकाम छोट्या, कमी उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवायची अट आहे. आपल्याकडचे बंगल्यांचे प्लॉट त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे ती अट इथे लागूच होत नाही. आपण भांडायचंच असेल तर या ठिकाणी भांडूया. मजल्यांवर कात्री मागण्यापेक्षा, जादा एफएसआय घ्यायचा असेल तर त्यातला ठरावीक भाग छोट्या घरांचा हवा, प्लॉट कितीही लहान असो, असं आपण नगरविकास विभागाला ठणकावून सांगूया.

गाड्यांचंही तसंच. गल्ली माणसांनी तुंबत नाही, रस्त्यावर फुकट लावलेल्या गाड्यांनी तुंबते. २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं, पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं, आणि तेवढंही धड झालं नाही. त्याला विरोध करणाऱ्यांत आपलेच लोक पुढे होते. मेट्रोच्या ५०० मीटरच्या आत फ्लॅटमागे गाड्यांच्या जागेला कमाल मर्यादा घाला आणि रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्या, असं आपण होऊन म्हणूया. म्हणायला जड जाईल, कारण घरटी दोन गाड्या आपल्याकडेच आहेत.

ड्रेनेज आणि पाण्याची लाइन वाढीव बांधकामाला पुरते, असं संबंधित खात्याचं लेखी प्रमाणपत्र असल्याशिवाय बांधकामाला सुरुवात होऊ नये. प्रीमियमपोटी महापालिकेच्या वाट्याला जो पैसा येतो त्यातला मोठा भाग याच भागाच्या लाइनवर खर्च व्हावा, आणि त्याचा हिशेब दरवर्षी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागावा. प्रत्येक प्लॉटच्या कडेनं, जिच्याखाली बेसमेंट नाही अशी उघड्या मातीची पट्टी सुटली पाहिजे, म्हणजे पाणी जिरेल आणि शेजारच्याची बकुळ जगेल. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून किती अंतरापर्यंत खणायचं नाही, हे परवानगीच्या नकाशावर आखलेलं हवं. बांधकाम चालू असताना रस्त्याचं, गटाराचं जे मोडेल ते दुरुस्त झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. आउटहाउसमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या वॉचमनच्या कुटुंबाचाही विचार करारात व्हावा. मूळ मालक आणि बिल्डर यांच्या बोलण्यात त्यांचं नावसुद्धा निघत नाही.

या मागण्यांचा पाठपुरावा करायला ‘नको’ म्हणण्यापेक्षा जास्त चिकाटी लागेल, याची मला कल्पना आहे. ‘नको’ला एक निवेदन आणि एक फोटो पुरतो. यासाठी दर बांधकामाच्या वेळी नकाशे मागवावे लागतील, माहिती अधिकारात अर्ज टाकावे लागतील, क्षेत्रीय कार्यालयात खेपा घालाव्या लागतील. आपल्या गल्ल्यांमध्ये निवृत्त इंजिनिअर, वास्तुविशारद, वकील, बँकेतले अधिकारी किती आहेत! टेकडीसाठी आपण हे सगळं केलेलंच आहे.

रविवारी संध्याकाळी आपल्या रहिवासी संघाची सभा आहे. पर्यायी निवेदनाचा मसुदा मी हातानं लिहून ठेवला आहे, त्याच्या प्रती काढून आणते. त्यातल्या कलमांची भाषा वकिलांनी तपासावी, अंतरं आणि मापं इंजिनिअर मंडळींनी दुरुस्त करावीत. आयुक्तांकडे पहिलं निवेदन बुधवारी द्यायचं ठरलं आहे असं कळलं. सभा होईपर्यंत ते थांबवावं, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. आणि मागच्या इमारतीतल्या काकूंना सभेला यायचंय. त्यांना खाली आणायला दोघं जण लागतील, साडेपाचच्या आत कुणी येऊ शकत असेल तर मला फोन करा.

आपली,
एक शेजारीण आणि निवृत्त शिक्षिका